एका चाचणीवर विसंबलो



२०२० च्या खरिपात सोयाबीनने आपल्याला कसा दगा दिला, ते तुम्ही विसरला नसाल. पाऊस वेळेवर झाला, पेरणी झाली, पण कोंब काही वर येईनात. तक्रारींचा ढीग पडला. म्हणून पुढच्या वर्षी पेरणीला अवकाश असतानाच आम्ही गावोगाव उगवण चाचणीची प्रात्यक्षिके घेऊ लागलो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, आठवड्याने कोंब मोजायचे, सत्तर किंवा अधिक निघाले तर बियाणे पेरायचे. एक गोष्ट मी बजावून सांगत असे. पोत्याच्या वरचीच मूठ घेऊ नका; मधले, तळचे दाणेही घ्या. नाहीतर चाचणी करूनही फसाल.

लोकांना असे सांगणारा मी स्वतः कसा फसलो, ते आज सांगतो.

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. अंगात कसर होती, घसा खवखवत होता. तालुक्याला जाऊन नाकातला स्वॅब दिला. अँटिजेन चाचणी झाली, अर्ध्या तासात ‘निगेटिव्ह’ असा कागद हाती आला. तो खिशात घालून दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे प्रात्यक्षिकाला गेलो. तात्यांच्या पडवीत आठ-दहा माणसे जमली होती. तात्या सत्तरीचे. गोणपाट त्यांनीच भिजवून ठेवले होते. म्हणाले, “साहेब, आवाज बसलाय तुमचा.” मी खिशावर हात ठेवून म्हणालो, “कालच तपासून आलोय तात्या, काही नाही.” चहा आला, मी मास्क खाली केला.

दोन दिवसांनी मला ताप चढला. आरटी-पीसीआर चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. आठवड्याने तात्यांचा फोन आला. “साहेब, शंभरात ब्याऐंशी निघाले,” एवढेच बोलले. आवाज बसलेला होता. तालुक्याला खाट मिळाली नाही म्हणून त्यांना जिल्ह्याला नेले. ते परत आले नाहीत.

त्यांना आजार माझ्याकडूनच लागला काय? गावात तेव्हा घरोघर ताप होता, त्यामुळे तसे ठामपणे म्हणता येत नाही. पण नाही असेही मला म्हणता येत नाही.

चूक कागदाची नव्हती, तो वाचणाऱ्याची होती. अँटिजेन चाचणी विषाणूचे प्रथिन शोधते. नाकात विषाणू भरपूर असेल तेव्हाच ते तिला सापडते. आजाराच्या अगदी सुरुवातीला ती चुकू शकते. म्हणूनच लक्षणे असून ती निगेटिव्ह आली, तर आरटी-पीसीआर करावी अशी सूचना भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, तेव्हाच दिलेली होती. आरटी-पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकाचे तुकडे वाढवून पाहतात, त्यामुळे थोडासा विषाणूही हाती लागतो. ही सूचना मला माहीत होती. कामाची घाई होती, आणि खरे सांगायचे तर निगेटिव्ह हा शब्द मला हवाच होता.

आता विषाणूच्या प्रकारांविषयी. करोनाच्या विषाणूचा सातबारा सुमारे तीस हजार अक्षरांचा आहे असे समजा. माणसाच्या शरीरात त्याच्या असंख्य नकला निघतात, आणि नकलेत चुका होतातच. बहुतेक चुका वाया जातात. एखादीने मात्र विषाणू अधिक वेगाने पसरू लागतो, आणि तोच मग शेतातल्या हट्टी तणासारखा बाकीच्यांना मागे सारतो. जितक्या जास्त माणसांना लागण, तितक्या जास्त नकला, हे ओघाने आलेच.

गोठा राखणाऱ्यांना हे नवे नाही. लाळ्या-खुरकुताचेही ओ, ए आणि एशिया-१ असे प्रकार आहेत. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला आवरत नाही, म्हणून आपल्याकडच्या लसीत तिन्ही घालतात. करोनाचे अगदी तसेच नाही. प्रकार बदलले तरी लस घेतलेल्यांचा गंभीर आजारापासून बराच बचाव झाला.

नवा प्रकार आला हे कळते ते नमुन्यांवरूनच. नेहमीची चाचणी विषाणू आहे की नाही एवढेच सांगते. तो कोणता, हे त्याची अक्षरे वाचल्यावर समजते. त्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये देशातल्या दहा प्रयोगशाळांची ‘इन्साकॉग’ ही साखळी उभी राहिली. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था तीत आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोल्याकडे रुग्ण झपाट्याने वाढले. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन ठळक बदल असलेला विषाणू सापडल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्चला जाहीर केले. त्याच घराण्यातल्या एका शाखेला जागतिक आरोग्य संघटनेने ३१ मे रोजी ‘डेल्टा’ हे नाव दिले. आपण तोवर स्मशानात रांगा पाहिल्या होत्या. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळांना आरटी-पीसीआरमध्ये एक जनुक उमटत नसल्याचे दिसले. त्यांनी अक्षरे वाचली, लागलीच जगाला कळवले. तो ओमिक्रॉन.

हे सारे कोणीतरी नाक पुढे केले म्हणून झाले. आपल्या गावांत मात्र तपासले की उचलून नेतात, घरावर पाटी लागते, या भीतीने माणसे ताप लपवीत. त्यांना हसणे सोपे आहे. मी हसत नाही. कागद खिशात घालून हिंडणारा मीच होतो.

५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी संपली, विषाणू संपलेला नाही. घरात तापाबरोबर खोकला असेल आणि आशाताईंनी किंवा डॉक्टरांनी नमुना मागितला, तर द्या. झटपट चाचणी निगेटिव्ह आली तरी अंग दुखत असेल, तर पुन्हा तपासण्याविषयी त्यांनाच विचारा. तोवर म्हाताऱ्या माणसांपासून दूर बसा, चहा अंगणात घ्या.

पुढील अंकात घरच्या सोयाबीनची साठवण आणि उगवण चाचणी. गोणपाट धुऊन ठेवा.