मोर्तब आणि हॅश

शिवकालीन पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का उमटे. त्याखाली कोणी ओळ वाढवू नये, हा हेतू. संगणकातील दस्तऐवजासाठी हेच काम हॅश करते. फाइल कितीही मोठी असो, एसएचए-२५६ पद्धतीने तिची ६४ अंकाक्षरांची खूण निघते; एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. अशा वेळी पहिला प्रश्न असतो: यंत्रणेतील कोणती आज्ञावली मूळची आणि कोणती उपरी? खुणांची नोंद आधीच केलेली असेल, तर उत्तर लवकर मिळते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ हे पर्यायही आहेत. दोन भिन्न फाइलींची एकच खूण निघू शकते, हे पहिल्याबाबत २००४ मध्ये व दुसऱ्याबाबत २०१७ मध्ये सिद्ध झाले. म्हणून कार्यालयांनी एसएचए-२५६ चाच आग्रह धरावा.

शिवाय खूण जप्तीच्या वेळीच पंचनाम्यात लिहून तिची प्रत संबंधितास द्यावी. आठवड्यानंतर काढलेली खूण मधल्या आठवड्याविषयी काहीच सांगत नाही. नागरिकाचे स्वातंत्र्य ज्या पुराव्यावर अवलंबून आहे, त्याचे मोर्तब केवळ शासनाच्या कपाटात असू नये.

शंकर नगर, रायपूर