यादी कोणाकडे होती?

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमधे 'स्पॉटलाइट' सिनेमाचा विषय निघाला. एक जण म्हणाला, "नासके आंबे सगळीकडेच असतात रे, पेपरवाल्यांना बरोबर चर्चच सापडतं." दुसरा म्हणाला, "त्यांच्यात असलंच चालतं," आणि टेबल हसलं. दोनची मीटिंग होती म्हणून मी उठलो. पण दोन्ही वाक्यं डोक्यात राहिली, आणि दोन्हींचा मला सारखाच राग आला. तर हे सविस्तर उत्तर.

आधी नासके आंबे. बॉस्टनमधे जॉन गेगन नावाचा एक धर्मगुरू होता. तीस वर्षांत अर्धा डझन पॅरिशमधे (म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतली वस्ती) त्याची नेमणूक झाली. '९० च्या दशकाच्या मध्यापासून १३० हून जास्त लोकांनी पुढे येऊन सांगितलं की लहान असताना याने आमच्यावर अत्याचार केला. १९८४ साली तेव्हाचे आर्चबिशप (पुढे कार्डिनल) बर्नार्ड लॉ यांनी त्याला वेस्टनच्या पॅरिशमधे पाठवलं. त्यांच्याच हाताखालच्या एका बिशपने पत्र लिहून सावध केलं होतं. नेमणूक कायम राहिली. आता सांगा, इथे नुसता आंबा नासका होता का? आढी लावणाराच नासका आंबा उचलून दुसऱ्या आढीत ठेवत होता, आणि तेही पत्र हातात असताना!

हे बाहेर कसं आलं ते नीट बघण्यासारखं आहे. गेगनवर ढिगाने खटले झाले होते, पण त्यातली चर्चची कागदपत्रं कोर्टाने सीलबंद केलेली. २००१ च्या उन्हाळ्यात 'बॉस्टन ग्लोब'ला मार्टिन बॅरन नावाचे नवे संपादक आले. गावात नवे, म्हणून त्यांना एक साधा प्रश्न पडला: हे कागद आपण कोर्टाकडे मागितलेत का? कोणी मागितले नव्हते. पेपर कोर्टात गेला. नोव्हेंबर २००१ मधे न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी कागद खुले करायचा आदेश दिला.

दुसरीकडे 'स्पॉटलाइट' या शोधपत्रकारांच्या छोट्या टीमचं काम चालू होतं, आणि तो भाग मला (धंदाच तो, काय करणार) सगळ्यात जास्त आवडतो. चर्चची दरवर्षी एक छापील डिरेक्टरी निघायची, कोण कुठे नेमलाय त्याची. ज्या धर्मगुरूला गुपचूप बाजूला काढलंय त्याच्या नावापुढे 'आजारपणाची रजा', 'नेमणुकीच्या प्रतीक्षेत' असले शेरे. टीमने वर्षावर्षाच्या डिरेक्टऱ्या उघडून त्या नोंदी हाताने स्प्रेडशीटमधे भरल्या. नंतरचं काम आपल्यापैकी कोणीही शनिवारी दुपारी करेल: नाव, वर्ष, शेरा, सॉर्ट. डेटा उघड्यावर पडला होता. तो महिनोन् महिने टाइप करत बसायला पगारी माणसं नव्हती, इतकंच.

६ जानेवारी २००२ ला पहिली बातमी आली. सोबत एक फोन नंबर छापला होता, आणि तो वाजायचा थांबेना. त्या वर्षभरात ग्लोबने या विषयावर सुमारे ६०० बातम्या दिल्या. १३ डिसेंबर २००२ ला कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला. २००४ साली त्यांना रोममधल्या सांता मारिया माज्जोरे या मोठ्या बॅसिलिकाची जबाबदारी मिळाली. बढती म्हणा, बदली म्हणा. पद्धत ओळखीची वाटतेय ना?

"टक्केवारी बघा की," असंही कोणीतरी म्हणतंच. बघू. अमेरिकेतल्या बिशपांनीच करवून घेतलेला जॉन जे कॉलेजचा अभ्यास २००४ साली आला. १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर आरोप, म्हणजे साधारण ४ टक्के. तक्रार करणारे १०,६६७. बाकीचे ९६ टक्के निर्दोष असतील, मान्य. पण माझा प्रश्न किती जणांनी केलं हा नाहीच. तक्रार आल्यावर फाइल कुठे गेली, हा आहे.

आणि 'पेपरवाले चर्चचे वैरी' हे तर साफ खोटं. १९८५ मधे लुईझियानातल्या गिल्बर्ट गोथे प्रकरणावर जेसन बेरी या पत्रकाराने लिहिलं. बेरी स्वतः कॅथलिक, आणि ते देशभर नेलं 'नॅशनल कॅथलिक रिपोर्टर' या साप्ताहिकाने. नावातच कॅथलिक! स्पॉटलाइटची टीमही कॅथलिक घरांतच वाढलेली. (जाता जाता: ग्लोबच्या आधी, मार्च २००१ मधे, 'बॉस्टन फीनिक्स'च्या क्रिस्टन लोम्बार्डी यांनी गेगन आणि लॉ यांच्यावर मोठा लेख लिहिला होता. सिनेमा बघून आलेल्यांना हे नाव आठवत नाही.)

बरं, पोप-बिशपांची उतरंड नसेल तर असं होणार नाही? सदर्न बॅप्टिस्ट मंडळींत ती नाही. प्रत्येक चर्च स्वतंत्र, म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं की आरोपींची एकत्र यादी ठेवता येणार नाही. २०१९ साली टेक्ससच्या दोन पेपरांनी, 'ह्यूस्टन क्रॉनिकल' आणि 'सॅन अँटोनियो एक्स्प्रेस-न्यूज' यांनी, ती करून दाखवली: वीस वर्षांतले सुमारे ३८० आरोपी, ७०० च्या वर बळी. त्या दणक्याने चौकशी लागली, आणि २०२२ च्या अहवालात कळलं की मुख्यालयातच एक गुप्त यादी कित्येक वर्षं ठेवलेली होती. सातशेच्या वर नावांची. जी करणं अशक्य होतं, ती!

आता "त्यांच्यात असलंच चालतं" म्हणणाऱ्यांसाठी. ग्लोबची बातमी आली त्याच २००२ साली हरियाणात, सिरशाच्या 'पूरा सच' या छोट्याशा पेपरने एका साध्वीचं निनावी पत्र छापलं. डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखावर बलात्काराचा आरोप. ऑक्टोबरमधे संपादक रामचंदर छत्रपती यांना घराबाहेर गोळ्या घातल्या, नोव्हेंबरमधे ते गेले. गुरमीत राम रहीम बलात्काराबद्दल दोषी ठरला ऑगस्ट २०१७ मधे, पंधरा वर्षांनी. छत्रपतींचं नाव टेबलावर किती जणांना माहीत होतं असतं? आपल्याला दुसऱ्यांच्या देवळातली घाण दाखवणारा पत्रकार शूर वाटतो. आपल्या देवळापाशी आला की तो विकला गेलेला असतो.

आणि हो, पैशाचंही बोलू. ग्लोबमागे तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स कंपनी होती, वकील परवडत होते. छत्रपतींच्या मागे कोण होतं? आपण सिनेमाच्या तिकिटाला चारशे रुपये देतो, वर पॉपकॉर्नला तेवढेच. पेपरच्या वेबसाइटने महिन्याला शंभर मागितले की पेवॉल कशी चुकवायची त्याची लिंक ग्रुपवर टाकतो. माझ्या गावच्या पेपरात कोर्ट बघणारा एकच वार्ताहर होता. गेल्या वर्षापासून तो त्याच पेपरसाठी जाहिराती गोळा करतो.