हिरवे पान आणि खरी पिशवी

कापडाच्या पेढीपासून किराण्याच्या दुकानापर्यंत आज ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या अनेक पिशव्यांवर हिरव्या पानाचे चित्र असते. ते पाहून देणारा आणि घेणारा दोघेही निश्चिंत होतात. परंतु पिशवी कशापासून बनली आणि ती कोठे नष्ट होणार, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे चित्रावरून मिळत नाहीत.

वनस्पतिजन्य प्लॅस्टिकमध्ये पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजे पीएलए, विशेष परिचित आहे. मक्यातील किंवा उसातील साखर आंबवली की लॅक्टिक आम्ल मिळते. दह्याला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की पीएलए तयार होते. पुण्याजवळ जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये अशा जैवप्लॅस्टिकचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रासाठी ही नवी वाट ठरू शकते.

मात्र पीएलए ठिसूळ असते. पातळ पिशवीसाठी त्यात बहुधा पीबीएटी मिसळतात. हे द्रव्य विघटनशील असले, तरी आजही मुख्यतः खनिज तेलापासूनच बनते. म्हणजे विघटनशील पिशवी पूर्णतः वनस्पतिजन्य असतेच असे नाही.

विघटनालाही अट आहे. कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकच्या चाचणीत सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमान राखले जाते आणि १८० दिवसांत ९० टक्के विघटनाची अपेक्षा असते. गटारात किंवा समुद्रात असे तापमान नसते. तेथे पीएलए दीर्घकाळ तसेच राहते. उकिरड्यावर ती पिशवी तोंडात घेणाऱ्या गाईचे रक्षण हिरवे पान करीत नाही. पुनर्वापराच्या बाटल्यांत पीएलए मिसळले, तर तो मालही बिघडतो.

म्हणून खरेदीपूर्वी व्यापाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कंपोस्टयोग्य पिशवीसाठी आवश्यक असलेले केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र उत्पादकाकडे आहे काय? पिशवीवर तसा स्पष्ट उल्लेख आहे काय? आणि आपल्या गावात ओला कचरा वेगळा होऊन कंपोस्टच्या प्रकल्पात जातो काय? तिसरे उत्तर नकारार्थी असेल, तर ग्राहकाला कापडी पिशवी आणण्याची सवय लावणेच श्रेयस्कर.

वजनमापात चोख राहणाऱ्या पेढीने पिशवीवरील शब्दही तितकाच चोख ठेवावा.