भांडाराच्या काउंटरवर कोण उभे राहणार?

शेतकरी सभासद बंधू-भगिनींनो,



या पानावर मी एरवी लागण, बेणे आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. आपल्या ग्राहक भांडाराचा विस्तार होत असून त्यासाठी काही जागा भरावयाच्या आहेत. गटागटांतून फिरताना सध्या उसापेक्षा या जागांचीच चर्चा जास्त कानावर येते. बहुतेकांचे म्हणणे एकच : "साहेब, भांडार सभासदांचे आहे, मग नोकरी सभासदाच्या पोरालाच मिळाली पाहिजे." हे म्हणणे वरवर रास्त वाटते. मला मात्र ते पटत नाही, आणि का पटत नाही हे मोकळेपणाने मांडण्यासाठी हा लेख आहे. निर्णय संचालक मंडळाचा, मत माझे.

सहकारी दुकान ही कल्पना कोठे रुजली ते आधी पाहू. इंग्लंडमध्ये रॉचडेल हे तेव्हा कापड विणणारांचे गाव होते. तेथील २८ जणांनी माणशी एक पौंड जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या रस्त्यावर दुकान उघडले. माल तो किती? लोणी, साखर, गव्हाचे पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. साखर होती ५६ पौंड, म्हणजे आपल्या कारखान्याच्या पन्नास किलोच्या पोत्याचे जेमतेम अर्धे पोते! भांडवल नव्हते, पण नियम पक्के होते. माल बिनभेसळ, माप पुरते, नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत, आणि भाग कितीही असोत, मत माणशी एकच. कोणाचा धर्म कोणता, पक्ष कोणता, हे दुकानात विचारायचे नाही. बाईलाही सभासद होता येत असे. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईला स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा पुरता कायदेशीर हक्क १८८२ साली मिळाला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विणकरांची दृष्टी किती लांबची होती ते कळते.

पण येथेच गोष्ट संपत नाही. सभासदत्वाचे दार उघडले म्हणून कामाच्या ठिकाणचे दार आपोआप उघडले नाही. सहकारी दुकानांत खरेदी करणाऱ्या बहुतेक बाया, पण कारभार पुरुषांच्या हाती आणि नोकरीतल्या मुलींचा पगार तुटपुंजा. म्हणून १८८३ साली तेथील बायकांनी आपली स्वतंत्र सहकारी संघटना काढली. मार्गारेट लुएलिन डेव्हिस या बाई १८८९ पासून १९२१ पर्यंत तिच्या सरचिटणीस होत्या. दुकानांना माल पुरवणारी घाऊक सहकारी संस्था १८६३ साली स्थापन झाली होती. तिने स्त्री-कामगारांसाठी किमान वेतनश्रेणी मान्य केली ती १९१२ साली, तीही या संघटनेने पाठपुरावा केल्यावर. तिच्या संचालक मंडळावर पहिली बाई निवडून आली १९२२ साली. म्हणजे स्थापनेपासून ५९ वर्षांनी! तत्त्व समतेचे असले तरी ते काउंटरपर्यंत आणि पगारपत्रकापर्यंत ओढून न्यावे लागते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे काय आहे? आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली मँचेस्टरला जी सात तत्त्वे मांडली, त्यांतले पहिलेच सांगते की संस्थेचे दार लिंग, सामाजिक दर्जा, वंश, राजकारण वा धर्म असा भेद न करता खुले असावे. आपल्या राज्याच्या सहकार कायद्यातही संचालक मंडळावर महिलांसाठी आणि मागासवर्गीयांसाठी राखीव जागा आहेत. मंडळावर त्या भरल्या जातात. पण नोकरभरतीची वेळ आली की आपण पुन्हा "आपला माणूस" शोधू लागतो.

आता "सभासदाचे पोर" या शब्दांकडे नीट पाहा. हे म्हणताना पोरगी कितीजणांच्या मनात असते? बेणे तोडायला, टिपऱ्या लावायला, भांगलायला घरची बाई बरोबरीने राबते. पण सातबारा मालकाच्या नावावर, म्हणून भागही त्याच्याच नावावर. तीच बाई भांडारात आली तर तिच्या वाट्याला धान्य निवडणे आणि झाडलोट, गल्ल्यावर पुरुष. घरचा महिन्याचा हिशेब तीच बसवते ना? मग गल्ल्याचा हिशेब तिला जमणार नाही, हे कशावरून ठरवले?

दुसरी गोष्ट. भांडाराचे गिऱ्हाईक फक्त सभासद नाही. हंगामात टोळ्या उतरल्या की ऊसतोड कामगार आपल्याच दारात चार-पाच महिने राहतात. तेल, मीठ, मिरची, चहा, साबण त्यांना रोज लागतो. बीड, जालना भागांतून येणाऱ्या टोळ्यांत बंजारा समाजाची कुटुंबे असतात, ती घरात गोरमाटी बोलतात. भूमिहीन मजूर, वस्तीवरची माणसे, कारखान्याचे कामगार हेही भांडारातच येतात. ज्या काउंटरवर आपल्यासारखे एकही माणूस दिसत नाही, तेथे गरीब माणूस बिचकतो. भाव विचारायला लाजतो, आणि शेवटी टपरीवाल्याकडे उधारीवर चढ्या भावाने घेतो. त्यात नुकसान त्याचे आणि भांडाराचेही. ही दयेची बाब नसून धंद्याची आहे.

माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. सगळ्या रानात एकच वाण लावू नका, असे आम्ही सांगतो ते उगाच नाही. उत्तर प्रदेशात को ०२३८ या वाणाने उतारा वाढवला, शेतकऱ्याचे भले केले आणि बहुतेक क्षेत्र व्यापले. मग लाल कुज आली आणि ज्यांनी सर्व भिस्त त्या एकाच वाणावर ठेवली होती त्यांची पंचाईत झाली. माणसांच्या बाबतीतही तसेच आहे. एकाच भावकीतली, एकाच गावची माणसे दुकानात भरली की चूक दिसली तरी कोणी बोलत नाही. मापात घट आली, माल खराब लागला, तरी "घरचाच आहे, जाऊ द्या." असली कुज वरून दिसत नाही, कांडे उभे चिरल्यावर कळते.

यावर सभासदांचा आक्षेप मला ठाऊक आहे. वाटण्या होऊन जमिनी गुंठ्यांवर आल्या, शिकलेली पोरे घरी बसली आहेत. भागाचे पैसे आम्ही भरले, मग नोकरी दुसऱ्याला का? हे दुःख खरे आहे, मी ते रोज बांधावर पाहतो. पण भागाने आपल्याला मत दिले, लाभांश दिला, ऊस घालण्याचा हक्क दिला. नोकरी त्या भागावर लिहिलेली नाही. शिवाय जागा मोजक्या आणि सभासद हजारोंनी. आज ज्याचा वशिला चालेल त्याचे पोर लागेल आणि उरलेले सभासद हात चोळत बसतील. भरती खुली झाली तर वशिला नसलेल्या साध्या सभासदाच्या मुलालाही, आणि मुलीलाही, पहिल्यांदा खरी संधी मिळेल. हे मी मुद्दाम अधोरेखित करतो.

म्हणून काही सूचना करावीशी वाटते.

१. जागांची जाहिरात प्रत्येक गट कार्यालयात, ग्रामपंचायतीत आणि वस्त्यांवर लावावी. नुसती चिटबॉयच्या तोंडी ठेवू नये.

२. निवडीसाठी सर्वांना एकच परीक्षा असावी : तोंडी हिशेब, वजनकाटा, बिल करणे आणि गिऱ्हाइकाशी बोलणे. तपासणाऱ्यांत निदान एक माणूस बाहेरच्या संस्थेतला असावा.

३. महिलांना गल्ला, खरेदी आणि साठा नोंदणी ही कामेही द्यावीत. पगार कामाप्रमाणे समान असावा. तसा कायदा देशात १९७६ सालीच झाला. स्वच्छतागृह असावे आणि अंधार पडण्याआधी घरी पोहोचता येईल अशी पाळी असावी. दहा वा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार समिती नेमणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर राहू नये.

४. अपंग बंधू-भगिनींना बसून करता येईल असे बिलाचे काम आहेच. दारात पायऱ्यांच्या जोडीला उतार बांधला, तर म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचीही सोय होईल.

५. हंगामापुरता तरी टोळीतल्या कुटुंबांपैकी शिकलेला एखादा मुलगा वा मुलगी काउंटरवर घ्यावी. त्यांची भाषा बोलणारे माणूस असले की टोळी भांडारात बिनधास्त येईल.

यात फार मोठा खर्च नाही. लागते ती फक्त मनाची तयारी. प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला, तो व्यापाऱ्याच्या कचाट्यातून शेतकऱ्याला सोडवण्यासाठी. सावकाराची मक्तेदारी मोडून आपण भावकीची मक्तेदारी उभी केली, तर त्या पिढीच्या कष्टांचे चीज झाले असे म्हणता येणार नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा जवळ आली आहे. भरतीचा विषय तेथे निघेलच. त्या वेळी आपल्या पोराचा अर्ज खिशात ठेवून, पण शेजारच्या भूमिहीनाच्या मुलीचा अर्जही डोळ्यांसमोर ठेवून मत द्यावे, ही नम्र विनंती. माझे म्हणणे ज्यांना पटत नसेल त्यांनीही गट कार्यालयात लेखी कळवावे. पुढील अंकात त्यांचे विचार छापण्याची विनंती मी संपादकांना करीन.

कळावे, लोभ असावा.

जय सहकार!

आपला,
ऊस विकास अधिकारी