मारहाण ही घरची बाब नव्हे

अमेरिकेतील फुटबॉलपटू व नट ओ. जे. सिम्पसन यास १९८९ साली पत्नीस मारल्याबद्दल शिक्षा झाली; परंतु तुरुंगवास घडला नाही. १९९४ साली, घटस्फोटानंतर, त्या स्त्रीचा खून झाला. १९९५ साली ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले. १९९७ साली दिवाणी न्यायालयाने जबाबदारी त्याजवरच ठेविली. निवाड्यांचा वाद वकिलांनी घालावा. पहिली मारहाण इतकी हलकी का लेखिली गेली, हा आमचा प्रश्न आहे.

वसईच्या मोहिमेत फिरंगी जुलुमाविरुद्ध उभ्या राहिलेल्या नाईकांच्या अंजुरात शेजारची किंकाळी कोणी ‘घरची बाब’ म्हणून सोडील, तर ते लांच्छन होय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यान्वये कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास खबर देऊ शकतो. सद्हेतूने देणारावर दायित्व येत नाही. खुनाच्या खटल्याची वाट न पाहता ती द्यावी, इतकेच आमचे मागणे आहे.