स्टॅन्ली, डिसोजा आणि मिठबावकर

१/ मिठबावचा माणूस पोटासाठी मुंबईस गेला, की 'मिठबावकर' होतो. गाव सुटते, पण आडनावात उरते. ही रीत केवळ कोकणाची नाही. 'स्टॅन्ली' हे नाव त्याच रीतीचे अपत्य आहे.

२/ जुन्या इंग्रजीत 'स्तान' म्हणजे दगड आणि 'लेआ' म्हणजे रानातील मोकळी जागा. अशा खडकाळ जागी वसलेल्या गावांना स्टॅन्ली हे नाव पडले. तेथील घराण्यांचे ते आडनाव झाले. अर्थाने ते 'स्टॅन्लीकर'च!

३/ पुढे इंग्रजांत नामांकित आडनावे मुलांना ठेवण्याची चाल रुळली. आफ्रिकेचा प्रवासी हेन्री मॉर्टन स्टॅन्ली याच्या कीर्तीने हे नाव दूरवर पोहोचले. त्याचे जन्मनाव मात्र जॉन रोलंड्स. 'स्टॅन्ली' हे नाव त्याने अमेरिकेत धारण केले. १८७० साली लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ तो झांझिबारकडे निघाला, तो मुंबई बंदरातून.

४/ गोवा-कोकणातील ख्रिस्ती घरांतही हे नाव रुजले. सोबतच्या 'डिसोजा'चे मूळ पोर्तुगालच्या सौझा नदीत. नावात इंग्लंडचे गाव, आडनावात पोर्तुगालची नदी आणि मुखी मालवणी!

५/ म्हणूनच नाव ऐकून माणसाला परका ठरवणे हे इतिहासाचे अज्ञान होय. नाव शब्दाचा प्रवास सांगते; माणसाची माती त्यावरून कळत नाही. मिठबाव कधी न पाहिलेला मिठबावकर आपल्याला गाववाला वाटतो. मग मालवणात जन्मलेला स्टॅन्ली परका कसा?