शंखातला संसार आणि आपले हात

दिवसभराच्या धावपळीनंतर मत्स्यपेटीसमोर घटकाभर बसण्यात मोठा विसावा असतो. जागा थोडी असली, तरी आफ्रिकेतील टांगानिका सरोवरातले शंखवासी सिक्लिड मासे आपल्या घरी सुखाने नांदू शकतात. त्यांतील ‘मल्टिफॅसिएटस’ ही जात जेमतेम 5 सेंटिमीटरपर्यंत वाढते. गोगलगायींचे रिकामे शंख हेच तिचे घर, आश्रयस्थान आणि प्रसूतिगृह.

या माशांच्या लहानशा वसाहतीला 50 ते 60 लिटरची पेटी, तळाशी बारीक वाळूचा जाड थर आणि माशांच्या संख्येहून अधिक शंख पुरतात. शंख आधी उकळून स्वच्छ करावेत. पाणी जड, सामू 8 ते 9 आणि तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस असावे. मासे आणण्याची मात्र घाई नको. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावण्यास साधारणतः 4 ते 6 आठवडे लागतात.

हे मासे तोंडाने वाळू उपसून शंख आपल्या सोयीने पुरतात. आपल्याला ती मांडणी विस्कटलेली वाटते आणि हात घालून ती सारखी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. एक तर एखाद्या शंखात अंडी किंवा पिल्ले असू शकतात. दुसरे कारण आपल्या आरोग्याचे आहे.

मत्स्यपेटीच्या पाण्यात ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयजंतूच्या कुळातील जिवाणू असू शकतो. बोटावरील बारीकशा जखमेतून तो शरीरात शिरतो. काही आठवड्यांनी तेथे न दुखणारी गाठ किंवा न भरणारा व्रण दिसतो. नेहमीच्या मलमांनी तो बरा होत नाही. योग्य औषधेही काही महिने घ्यावी लागतात. अशा वेळी घरी मत्स्यपेटी असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. न विचारता त्यांना ते कसे कळावे?

म्हणून हातावर जखम असल्यास पाण्यात हात घालू नये. एरवीही लांब हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. पाणी उपसताना नळी तोंडाने ओढू नये. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी आणि लहान मुलांनी पेटीची स्वच्छता करूच नये.

मुलांना काम द्यायचेच असेल, तर कालच्यापेक्षा आज कोणता शंख हलला, हे काचेबाहेरून शोधण्याचे द्यावे. या संसारात आपली भूमिका शेजाऱ्याची आहे. प्रेमाने पाहावे, ढवळाढवळ करू नये.